कळ आणि काच

मनुष्याच्या पांच ज्ञानेंद्रियांत स्पर्शाला सर्वांत खालची पायरी देण्याची आपली रूढि आहे. डोळ्यांनीं जग दिसतें, कानांनीं ऐकूं येतें. त्वचेकडे मात्र थंडीवाऱ्याची वर्दी देण्यापलीकडे कांहीं काम नाहीं, असें आपण धरून चालतों. परंतु ज्यानें अंधारांत कुलुपाला किल्ली लावली असेल, किंवा बैठकींत पेटीवाल्याची नजर गवयाच्या मुखावर खिळलेली असतांना त्याचीं बोटें काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांवरून बिनचूक फिरतांना पाहिलीं असतील, त्याला हें मत सुधारून घ्यावें लागेल. बोटांना स्वतःची एक स्मृति असते, आणि ती जागृत होण्यासाठीं त्यांना कशाचा तरी कंगोरा, कशाचा तरी चढउतार, कशाचा तरी विरोध लागतो.

गेल्या दहा-बारा वर्षांत लॅपटॉप संगणकाच्या कळफलकावरून जो एक लहानसा तंटा झाला, तो याच उपेक्षित इंद्रियाचा तंटा होता. कळफलकाच्या अगदीं वरच्या ओळींतील दाबावयाच्या कळा काढून टाकाव्या, तेथें काचेची अथवा काचेसारखी गुळगुळीत पट्टी बसवावी, आणि वापरणाऱ्यानें बोट दाबण्याऐवजीं नुसतें टेकवावें, असा प्रयोग जगांतील नामांकित कारखानदारांनीं केला. लोकांनीं कुरकुर केली, आणि एकामागून एक या कारखानदारांना काच काढून पुन्हां कळा बसवाव्या लागल्या. वरवर पाहतां ही बाब क्षुल्लक आहे. बारा-तेरा कळांच्या सुखदुःखानें राज्यें उलथत नाहींत. तथापि या तंट्याच्या मुळाशीं एक जुना प्रश्न आहे. यंत्रावर काम करीत असतां माणसाचे डोळे कोठें असावे? कामावर, कीं यंत्रावर? या प्रश्नाचा इतिहास सुमारें दोनशें वर्षांचा आहे, आणि तो वाचकांपुढें थोडक्यांत मांडावा, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

या इतिहासाचा आरंभ एका अंध स्त्रीपासून होतो, हें पुष्कळांस ठाऊक नसेल. इटलींतील पेलेग्रीनो तुर्री नांवाच्या गृहस्थानें इ. स. १८०८ च्या सुमारास काउंटेस कारोलीना फांतोनी हिच्यासाठीं एक लेखनयंत्र तयार केलें. कारोलीनाची दृष्टि गेलेली होती. आपलीं पत्रें दुसऱ्या कोणाकडून लिहवून न घेतां तिला स्वतः लिहितां यावीं, एवढाच त्या यंत्राचा उद्देश. मूळ यंत्र आज उरलेलें नाहीं; पण त्यावर लिहिलेलीं तिचीं कांहीं पत्रें रेज्जो एमिलिया येथील दप्तरखान्यांत जतन केलेलीं आहेत. ज्या लेखनयंत्रांवर खरोखर कांहीं लिहिलें गेल्याचा पुरावा हातीं आहे, त्यांत हें सर्वांत जुन्यांपैकीं होय. खासगी पत्र हें मनुष्याच्या स्वातंत्र्याचें एक लहानसें घर असतें. त्या घराची किल्ली एका आंधळ्या बाईच्या हातीं परत यावी म्हणून हें यंत्र जन्मास आलें.

पुढें साठ वर्षांनीं डेन्मार्कमध्यें असाच एक प्रकार घडला. कोपनहेगन येथील मूकबधिरांच्या संस्थेचे प्रमुख रासमुस मालिंग-हान्सेन या धर्मोपदेशकांनीं १८७० सालीं एका 'लेखनगोला'चें पेटंट घेतलें. टांचण्या टोंचून ठेवण्याची अर्धगोल उशी असावी तसा तो दिसे, आणि त्यावर ५२ कळा होत्या. जर्मन तत्त्वज्ञ नीत्शे यानें १८८२ सालीं हें यंत्र घेतलें त्याचें कारण त्याचे डोळे अधू होत चालले होते हें होय. डोळ्यांना शीण न देतां लिहितां यावें अशी त्याची धडपड होती. यंत्र प्रवासांत दुखावलें, आणि कांहीं आठवड्यांतच त्यानें तें सोडून दिलें. पण तें त्यानें कशासाठीं घेतलें होतें, हें आमच्या विषयाच्या दृष्टीनें महत्त्वाचें आहे.

व्यापारी यशाची माळ मात्र अमेरिकेच्या गळ्यांत पडली. मिलवॉकी शहरीं क्रिस्टोफर शोल्स व त्याचे सोबती यांनीं १८६८ सालीं ज्या यंत्राचें पेटंट घेतलें, त्याला पियानोसारख्या पट्ट्या होत्या. पुढें तें यंत्र सुधारून बंदुका व शिवणयंत्रें करणाऱ्या रेमिंग्टन कारखान्याकडे गेलें आणि १८७४ सालीं बाजारांत आलें. या यंत्रांत अक्षरांचे खिळे खालून उठून कागदाच्या रुळावर आपटत. त्यामुळें लिहिली जाणारी ओळ लिहिणाराला त्या वेळीं दिसतच नसे. म्हणजे कागद पाहण्याची सोय नाहीं, आणि कळा शोधण्यांत डोळे गुंतलेले! अशा स्थितींत हें यंत्र हातानें लिहिण्यापेक्षां फार श्रेष्ठ ठरेना.

ही कोंडी फोडणारा प्रसंग १८८८ सालच्या जुलै महिन्याच्या २५ तारखेस सिनसिनाटी शहरीं घडला. त्या दिवशीं दोन टंकलेखकांची जाहीर पैज लागली. लुई ट्रॉब हा कळांकडे पाहून लिहिणारा. त्याचा प्रतिस्पर्धी फ्रँक मॅकगरिन हा सॉल्ट लेक सिटी येथील न्यायालयांतील लघुलेखक. मॅकगरिननें कळांच्या जागा पाठ केल्या होत्या, आणि तो त्यांच्याकडे ढुंकूनहि न पाहतां सर्व बोटांनीं लिही. पैज त्यानें सहज जिंकली. ट्रॉबला मूळ मजकुराकडून कळांकडे आणि कळांकडून पुन्हां मजकुराकडे अशी नजर सारखी हलवावी लागे. मॅकगरिनचे डोळे मजकुरावर स्थिर होते. कारोलीनेला जें दैवानें करावयास लावलें, तें मॅकगरिननें डोळस असतांना आपण होऊन केलें, आणि त्यांतून एक नवीन विद्या निघाली. या विद्येला इंग्रजींत 'टच टायपिंग', म्हणजे स्पर्शाचें टंकलेखन, असें नांव पडलें. हें नांव वाचकांनीं ध्यानांत ठेवावें. पुढें त्याचें प्रयोजन आहे.

हीच विद्या आपल्याकडे कचेऱ्यांतून आणि टंकलेखनाच्या वर्गांतून पसरली. १९५५ सालीं गोदरेज कारखान्यानें भारतीय बनावटीचें टंकलेखनयंत्र काढलें, आणि पुढील तीन-चार दशकें शहरोशहरीं, तालुक्याच्या गांवींसुद्धां, एखाद्या माडीवरून त्या यंत्रांचा कडकडाट ऐकूं येत असे. आमच्या पिढींतील पुष्कळांनीं त्या माडीवर 'ए एस डी एफ' हीं चार अक्षरें इतक्या वेळां गिरविलीं आहेत कीं, झोपेंतहि करंगळी 'ए'वरच जाऊन टेकावी. "कळांकडे पाहूं नका" हा तेथील पहिला धडा आणि शेवटचाहि. त्या वर्गाच्या प्रमाणपत्रावर कित्येक घरांतील पहिली नोकरी उभी राहिली. कित्येक मुलींनीं स्वतःच्या कमाईचा पहिला पैसा त्याच्या बळावर घरीं आणला. बोटांच्या स्मृतीचें मोल ज्यांना रोकड स्वरूपांत मिळालें, त्यांना तिचें महत्त्व निराळें सांगावें लागत नाहीं.

आतां ही स्मृति कशावर उभी असते, तें पाहूं. कळ ही बोटाशीं तीन गोष्टी बोलते. पहिली, "तूं कोठें आहेस." प्रत्येक कळेला कडा असतात, दोन कळांमध्यें फट असते, आणि 'एफ' व 'जे' या दोन कळांवर एक बारीकसा उंचवटा असतो, तर्जनीला तो लागला कीं बाकीच्या आठ बोटांनीं आपापल्या जागा ओळखाव्या. दुसरी गोष्ट, "तुझें काम झालें." कळ थोडी खालीं जाते, मध्यें विरोध करते, एका क्षणीं तो विरोध मोडतो आणि बोटाला आज्ञा पोंचल्याची पावती मिळते. १९८१ सालच्या आयबीएम संगणकाच्या कळफलकांत प्रत्येक कळेखालीं एक स्प्रिंग असे. ती दाबाखालीं एकदम वांकून टक्कन् आवाज करी, आणि तो आवाज व तो झटका यांसाठीं ते कळफलक आजहि लोक जपून ठेवतात. लॅपटॉपच्या पातळ कवचांत एवढी जागा नसते; तेथें रबराची लहानशी घुमटी व कात्रीसारखी दुहेरी पट्टी मिळून मिलिमीटर-दीड मिलिमीटरांत हीच पावती देतात.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत दुर्लक्षित आहे. कळ म्हणते, "माझ्यावर स्वस्थ बैस." कळेला शिवणें ही एक क्रिया आहे आणि कळ दाबणें ही दुसरी. या दोन क्रियांच्या मध्यें जें अंतर आहे, त्या अंतरांत बोट चांचपतें, खात्री करून घेतें, थांबतें, विचार करतें. काचेच्या पट्टीवर हें अंतर नाहींसें होतें. तेथें शिवणें हीच आज्ञा. जेथें चांचपणें हाच गुन्हा ठरतो तेथें बोटाला आंधळेपणानें वावरतां येत नाहीं, आणि मग त्याला वाट दाखविण्यासाठीं डोळ्यांना खालीं यावें लागतें. म्हणजे ज्या साधनाला 'टच' म्हणजे स्पर्श हें नांव मिळालें, तें चालतें डोळ्यांवर. आणि ज्या जुन्या कळा स्पर्शावर चालतात, त्यांना तें नांव कोणी देत नाहीं! नांवाचा हा उलटा न्याय या इतिहासांतील एक मोठा विनोद आहे.

कळा सपाट करण्याचा पहिला प्रयोग काचेचा नव्हता, आणि त्याचें कारणहि निराळें होतें. १९७९ सालीं अटारी कंपनीनें घरगुती वापराचा 'अटारी ४००' हा संगणक काढला. मुलांच्या हातीं जाणाऱ्या या यंत्रावर खाऊ-पाणी सांडलें तरी बिघडूं नये म्हणून त्याचा कळफलक एका सपाट पापुद्र्याचा केलेला होता. अक्षरें त्यावर नुसतीं छापलेलीं. इंग्लंडमध्यें क्लाइव्ह सिंक्लेअर यांच्या 'झेडएक्स ८०' आणि 'झेडएक्स ८१' या यंत्रांवरहि असाच पापुद्रा होता. तेथें कारण काटकसरीचें होतें. १९८१ सालीं 'झेडएक्स ८१' तयार स्थितींत ७० पौंडांच्या आंत मिळे, आणि त्या स्वस्ताईमुळें असंख्य घरांत संगणकाचा प्रथम प्रवेश झाला. गरिबाच्या घरीं मातीचें भांडें असावें तशी ही तडजोड होती, तिला हंसण्यांत अर्थ नाहीं. पण लोकांनीं काय केलें पाहा: या दोन्ही संगणकांना जोडण्यासाठीं खऱ्या कळांचे निराळे कळफलक बाजारांत आले, आणि लोकांनीं ते पदरचे पैसे घालून विकत घेतले. सिंक्लेअर यांनीं स्वतः १९८२ च्या 'स्पेक्ट्रम' यंत्रावर निदान रबराच्या तरी कळा दिल्या.

याहून बोधप्रद कथा आयबीएमची आहे. ज्या कंपनीच्या कळफलकाला आजहि आदर्श मानतात, तिनेंच १९८३ च्या नोव्हेंबरांत 'पीसीज्युनिअर' नांवाचा घरगुती संगणक जाहीर केला. त्याच्या कळा सुट्या, लहान, चघळण्याच्या गोळ्यांसारख्या होत्या, आणि अक्षरें कळांवर न छापतां कळांच्या वरच्या पट्टीवर छापलेलीं होतीं. टीका इतकी झाली कीं, १९८४ च्या जुलैंत कंपनीनें नवा कळफलक काढून तो जुन्या ग्राहकांना फुकट दिला. यंत्र मात्र सांवरलें नाहीं. १९८५ सालीं तें बंद झालें. धडा स्पष्ट होता. परंतु यंत्रशास्त्रांतील धडे पुष्कळदां एका पिढीबरोबर निवृत्त होतात.

आतां काचेकडे वळूं. तिचा जन्म कांहीं हौसेखातर झालेला नाहीं, हें प्रथम सांगितलें पाहिजे. इंग्लंडांतील माल्व्हर्न येथील रडार-संशोधन संस्थेंत ई. ए. जॉन्सन यांनीं १९६५ सालीं बोटाच्या स्पर्शानें चालणाऱ्या पडद्याची कल्पना प्रसिद्ध केली. ती विमानांची वाहतूक नियंत्रित करणारांसाठीं होती. पुढें १९७० नंतरच्या दशकांत जिनीव्हाजवळील सर्न या अणुसंशोधन संस्थेंत बेंट स्टुंपे यांनीं स्पर्शपटल तयार केलें. तेथें एक प्रचंड नवें यंत्र उभें राहत होतें, आणि त्याच्या नियंत्रणासाठीं प्रत्येक कामाला एक बटण असें म्हटलें तर हजारों बटणें लावावीं लागलीं असतीं. त्याऐवजीं थोडींच बटणें काचेवर दाखवावीं आणि कामाप्रमाणें त्यांचीं नांवें बदलावीं, ही युक्ति निघाली. तिचें तत्त्व सोपें आहे. काचेखालीं विद्युद्वाहक पदार्थाचा अत्यंत पातळ थर असतो. मनुष्याचें बोटहि विद्युद्वाहक असल्यामुळें तें जवळ येतांच त्या जागची विद्युत् धारण करण्याची शक्ति बदलते, आणि तो बदल यंत्र मोजतें. म्हणून ओल्या हातानें किंवा लोंकरी हातमोजा घालून केलेल्या स्पर्शाचा त्याला नीट उमज पडत नाहीं.

काचेची खरी शक्ति या बदलतां येणाऱ्या मुखवट्यांत आहे. कळ एकदां घडविली कीं घडविली. तिच्यावरचें अक्षर जन्माचें. २००७ सालीं ॲपल कंपनीनें कळांवांचूनचा फोन काढला तेव्हां हाच मुद्दा पुढें केला होता, आणि तो खोटा नव्हता. आम्हां मराठी लोकांना तर त्याची सत्यता विशेष पटावी. टंकलेखनयंत्रावर चाळीस-पंचेचाळीस कळा. आपल्या लिपींत स्वर, व्यंजनें, काने-मात्रा, रफार आणि जोडाक्षरें. हा संसार त्या कळांत बसेना. मग 'प' लिहावयाचा तर अर्धा 'प्' मारून पुढें काना जोडावा, मात्रेची कळ मारल्यावर कागद पुढें सरकूंच नये, अशा युक्त्या कराव्या लागल्या. खिळे कमी व्हावे म्हणून लिपीच सुधारावी असें म्हणणारे थोर लोक निघाले. सावरकरांची 'अ'ची बाराखडी ही त्याच प्रयत्नांतील. यंत्राच्या ताठरपणापायीं लिपीनें वांकावें अशी ती पाळी होती. आज फोनच्या काचेवर एखादें व्यंजन टिपलें कीं वरच्या ओळींत त्याची बाराखडी आपोआप उभी राहते. हातांत पहिल्यानेंच फोन घेतलेल्या आजीबाई टंकलेखनाचा वर्ग न करतां नातवाला मराठींत दोन ओळी धाडतात, हा उपकार काचेचा आहे, आणि तो नाकारणें कृतघ्नपणाचें होईल.

मग तीच काच लॅपटॉपच्या कळफलकावर येतांच लोक कां चिडले? उत्तर असें कीं, फोनवर काच आणि काम एकाच जागीं असतात. जेथें बोट तेथेंच नजर. लॅपटॉपवर पडदा वर आणि हात खालीं. तेथें कळफलक काचेचा केला कीं डोळ्यांना दोन धन्यांची चाकरी करावी लागते. हें ध्यानांत न घेतां जे प्रयोग झाले, त्यांची हकीकत आतां सांगतों.

२०१२ सालीं मायक्रोसॉफ्टनें 'सर्फेस' संगणकाबरोबर 'टच कव्हर' नांवाचें एक सुमारें तीन मिलिमीटर जाडीचें आवरण काढलें. त्यांतील कळा हलत नसत, पण त्या दाब मोजीत. बोट नुसतें टेकविलें तर अक्षर उमटत नसे. म्हणजे शिवणें आणि दाबणें यांतील भेद त्यांनीं राखला होता. तरीहि लोकांचें समाधान झालें नाहीं, कारण हें आवरण दाब मोजी, पण दाबाला उत्तर देत नसे. शेजारींच विकावयास ठेवलेलें खऱ्या कळांचें 'टाइप कव्हर' लोकांना अधिक पसंत पडलें, आणि २०१४ सालच्या 'सर्फेस प्रो ३' पासून तेंच एक राहिलें.

त्याच २०१४ सालीं लेनोव्होनें 'थिंकपॅड एक्स१ कार्बन' या यंत्राच्या नव्या आवृत्तींतून वरच्या ओळींतील कळा काढून तेथें रूप पालटणारी स्पर्शपट्टी बसविली. चालूं असलेल्या प्रोग्रॅमप्रमाणें पट्टीवरचीं चिन्हें बदलत. थिंकपॅड हें नांव १९९२ पासून कळफलकाच्या उत्तमपणासाठीं प्रसिद्ध. त्याचे ग्राहक म्हणजे दिवसभर लिहिणारे, हिशेब करणारे, यंत्रें सांभाळणारे लोक. जी कळ काल एका जागीं होती ती आज चिन्ह बदलून भलतीच व्हावी, हें त्यांना रुचलें नाहीं. २०१५ च्या आवृत्तींत कळा परत आल्या.

एवढें झाल्यावर तरी दुसऱ्यांनीं सावध व्हावें. पण पुढच्याला लागलेली ठेंच मागच्याला शहाणें करतेच असें नाहीं. २०१६ च्या ऑक्टोबरांत ॲपलनें 'मॅकबुक प्रो' यंत्रावर 'टच बार' आणला. वरची कळांची ओळ हा जुन्या जमान्याचा अवशेष आहे, त्या जागीं प्रत्येक कामाला साजेशीं नवीं बटणें दिसावीं, असा पक्ष मांडण्यांत आला. पट्टी दिसावयास खरोखर सुंदर होती. चित्रें, रंग, सरकवावयाच्या खुणा यांनीं नटलेली. पण आकडे लिहितांना बोट चुकून वर टेकलें कीं भलतीच आज्ञा सुटे, आणि आवाज कमी करण्यासाठींहि खालीं पाहावें लागे. सर्वांत मोठी ओरड झाली ती 'एस्केप' या कळेची. एस्केप म्हणजे सुटका. तिची कल्पना १९६० सालीं आयबीएममधील बॉब बेमर यांनीं काढली; एका सांकेतिक लिपींतून दुसरींत जाण्याचा तो दरवाजा होता. १९७६ सालीं बिल जॉय यांनीं 'व्हीआय' हा लेखनसंपादनाचा प्रोग्रॅम रचला, त्यांत लिहिण्याच्या अवस्थेंतून आज्ञेच्या अवस्थेंत येण्यासाठीं हीच कळ ठेविली. त्यांच्या यंत्रावर ती करंगळीच्या अगदीं जवळ होती. तेव्हांपासून हजारों प्रोग्रॅम लिहिणारांची करंगळी दिवसांतून शेंकडों वेळां न पाहतां त्या कळेकडे जाते. टच बारवर ती कळ एका चित्राच्या रूपानें उरली. सुटकेचा दरवाजा भिंतीवर नुसता रंगविलेला असावा, तशी त्या करंगळीची अवस्था झाली.

कंपनीनें पराभव तीन हप्त्यांनीं मान्य केला. २०१९ च्या नोव्हेंबरांत मोठ्या यंत्रावर खरी एस्केप कळ परत आली. २०२१ च्या ऑक्टोबरांत नव्या मोठ्या यंत्रांवरून टच बार जाऊन पूर्ण आकाराच्या कळांची ओळ आली. आणि २०२३ च्या ऑक्टोबरांत टच बार असलेलें शेवटचें यंत्रहि विक्रींतून गेलें. दरम्यान डेलनें २०२२ सालीं 'एक्सपीएस १३ प्लस' यंत्रावर तोच प्रयोग निराळ्या थाटानें केला. तेथें कळांच्या जागीं प्रकाशित चिन्हांची सपाट पट्टी होती, आणि २०२४ सालीं ती त्या मालिकेंतील नव्या यंत्रांवर पसरली. २०२६ च्या आरंभीं जाहीर झालेल्या नव्या एक्सपीएस यंत्रांवर मात्र दाबावयाच्या कळा परतल्या. मातीच्या चुलीभोंवतीं फिरून घरधनीण पुन्हां उंबऱ्याशीं यावी, तशी ही प्रदक्षिणा आहे.

प्रत्येक वेळीं धडा मिळूनहि प्रयोग पुन्हां कां होतो? आमच्या मतें याचें कारण दुकानांत आहे. यंत्र विकत घेतांना निवड डोळे करतात. वापरतांना निकाल बोटें देतात. दुकानाच्या दिव्याखालीं काच चमकते, कळा जुनाट दिसतात. आणि बोटांचें मत विचारावयास त्या वेळीं कोणाला सवड नसते. तें मत दोन महिन्यांनीं घरीं, रात्रीच्या कामाच्या वेळीं, कळूं लागतें. काचेच्या बाजूचा एक प्रामाणिक पुरावाहि येथें नोंदविला पाहिजे. ॲपलनेंच २०१५ सालापासून लॅपटॉपवर जो न हलणारा काचेचा स्पर्शफलक दिला, तो लोकांनीं आनंदानें स्वीकारला. कारण बोट दाबतांच आंतील विद्युच्चुंबक त्याला असा सूक्ष्म झटका देतो कीं फलक खालीं गेल्याचाच भास व्हावा. म्हणजे काच लोकप्रिय झाली ती कळेचें सोंग घेऊन. लोकांचें भांडण काचेशीं नव्हतेंच. निरुत्तर काचेशीं होतें.

हें उत्तर न मिळण्याचे परिणाम नेहमींच गमतीचे नसतात. २०१७ च्या ऑगस्टमध्यें सिंगापूरजवळ 'जॉन एस. मॅकेन' ही अमेरिकन युद्धनौका एका तेलवाहू जहाजावर आदळून दहा खलाशी मरण पावले. शिक्षणाचा व देखरेखीचा अभाव हें मूळ कारण ठरलें. पण सुकाणूच्या व वेगाच्या स्पर्शपडद्यांच्या रचनेनेंहि चुकीचा संभव वाढविला, असें चौकशींत निघालें, आणि २०१९ सालीं त्या आरमारानें वेग नियंत्रित करण्यासाठीं पुन्हां हातांत धरावयाचे दांडे बसविण्याचें ठरविलें. लॅपटॉपवरील चुकीनें जहाजें बुडत नाहींत, हें खरें. पण माणूस तोच, बोट तेंच, आणि उणीवहि तीच.

आणि ज्यांच्यापासून ही कथा सुरू झाली त्यांचें काय? आज आपल्या शहरांत बँकांत, कचेऱ्यांत, महाविद्यालयांत अंध स्त्रीपुरुष संगणकावर डोळसांच्या बरोबरीनें काम करतात. पडद्यावरील मजकूर यंत्र त्यांना वाचून दाखवितें, आणि आज्ञा ते कळांनीं देतात. स्पर्शपट्टी त्यांना अगदींच बंद होती असें नाहीं. टच बारवर बोट फिरवीत गेलें तर खालीं कोणतें चिन्ह आहे हें यंत्र बोलून सांगे. पण जें एका चांचपणींत कळत होतें, तें आतां विचारीत जावें लागे. हक्काच्या घरांत वावरणाऱ्या माणसानें प्रत्येक पावलाला वाट पुसावी तसें. डोळसांना जी गैरसोय वाटली, ती त्यांच्या दृष्टीनें दोनशें वर्षांपूर्वीं मिळालेल्या स्वातंत्र्यावरची जप्ती होती. कळा परत आल्या त्या डोळसांच्या कुरकुरीनें. लाभ मात्र उभयतांचा झाला.

नवें तें वाईट आणि जुनें तें सोनें, असा निष्कर्ष कोणी या हकीकतींतून काढूं नये. आजीबाईंच्या हातांतील काच आम्हांस तितकीच प्रिय आहे. आमचें म्हणणें एवढेंच कीं, चांगलें साधन तें, जें हातांत असतांना विसरतां येतें. ज्यावर नजर ठेवल्यावांचून चालत नाहीं तें साधन नव्हे. तो एक नवा पाहुणा होय, आणि त्याची सरबराई करतां करतां मूळ काम बाजूला पडतें. आज आपल्या डोळ्यांवर हक्क सांगणाऱ्या चमकत्या वस्तु घरांत कांहीं थोड्या नाहींत. त्यांच्या गर्दींत 'एफ' आणि 'जे' या कळांवरचे ते दोन बारीक उंचवटे मात्र आपल्याकडे पाहावें असें कधींच म्हणत नाहींत. ते फक्त बोटाला जागा सांगतात, आणि डोळ्यांना त्यांच्या कामावर परत धाडतात.